श्रीलंकेत फिरायचं कशाने? गाडी-ड्रायव्हर, रेल्वे, लाल बस की टुकटुक (आई सोबत आहे)

कावेरी_रामबाग | २ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की २३ ते ३१ ऑक्टोबर आम्ही श्रीलंकेला चाललोय. आम्ही दोघं, चौदा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आईला ७१ पूर्ण आहेत, जिना बघितला की गुडघे आधी बोलतात, मग ती बोलते.

इंदूर-मुंबई-कोलंबो विमान ठरलं. मुक्कामही ठरले: पहिली रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला, मग सिगिरियाला दोन, कँडी एक, नुवारा एलिया एक, एल्ला एक आणि शेवटी गॉलला दोन. अडलंय ते मधल्या प्रवासावर. घरात चार माणसं आणि चार पक्ष. नवरा म्हणतो, विमानतळापासून विमानतळापर्यंत गाडी नि ड्रायव्हर करून टाकू, कटकट नको. मुलाला ती डोंगरातली निळी रेल्वे हवी, तीही दारात उभं राहून. आईला नुवारा एलियाजवळचं सीतेचं देऊळ बघायचंय, "बाकी मला बैलगाडीतून न्या." माझा पक्ष खर्चाचा.

एका एजंटने गाडीचा आकडा सांगितला तो दिवसाला ५५ डॉलर, पेट्रोल आणि ड्रायव्हर धरून. हे बरोबर आहे का? आणि आईला रेल्वे झेपेल का? जाऊन आलेल्यांनी सांगा.

---

भियाराम | २ ऑगस्ट, रात्री ९.५२

भिया, देश केवढा, आपला माळवा-निमाड जोडला तर बरोबरी होईल. गाडी करा, झोपा, उठा, पोचले.

---

सुदामानगरकर | २ ऑगस्ट, रात्री ११.०५

भियाराम, नकाशावर अंतर बघून फसू नका. कोलंबो ते कँडी जेमतेम ११५ किलोमीटर, पण तीन तास सहज लागतात. कँडी ते नुवारा एलिया ८० सुद्धा नाहीत, तिथेही अडीच-तीन तास. दोन लेनचा रस्ता, वळणं, पुढे बस, बसपुढे टुकटुक, टुकटुकपुढे कुत्रा. आपल्याकडे "इंदूर-उज्जैन एक तास" म्हणतो तो हिशेब तिथे फक्त एक्स्प्रेसवेला लागू.

कावेरीताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी आठ दिवस गाडीच केली होती, तेव्हा आकडा साधारण एवढाच होता. महाग वाटतो, पण त्यामागे कारण आहे. २०२० मध्ये त्यांनी गाड्यांची आयात बंद केली ती थेट या २०२५ च्या फेब्रुवारीत उघडली. पाच वर्षं देशात नवी गाडीच नाही, मग जुन्या गाडीचे भाव चढणारच. आमच्या ड्रायव्हरची वॅगन आर होती आणि तो तिला पोटच्या पोरीसारखी पुसायचा.

ठरवताना हे विचारा: दिवसाला किती किलोमीटर धरलेत, टोल कोणाचा, ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा. बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरसाठी वेगळी खोली असते, छोट्या होमस्टेमध्ये नसते.

आता आमचं दुखणं. दुसऱ्याच दिवशी गाडी न विचारता एका मसाल्याच्या बागेत वळली. तिथल्या माणसाने पाठीला तेल चोळलं, केस उगवायचं तेल दाखवलं (माझ्याकडे बघून!) आणि दालचिनीची बाटली ज्या भावाला दिली त्या भावात आपल्या सियागंज बाजारात गोणी आली असती. मग रत्नांचं दुकान, मग बाटिक. सगळीकडे ड्रायव्हरचं कमिशन असतं. तिसऱ्या दिवशी मी त्याला शांतपणे सांगितलं, दादा, दुकानं नकोत, शेवटी बक्षिशी चांगली देतो. त्यानंतर माणूस हिरा निघाला. हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

---

डोंगरगाडी | ३ ऑगस्ट, सकाळी ७.१५

श्रीलंकेत जाऊन आठ दिवस गाडीच्या काचेतून बघायचं तर घरी टीव्ही काय वाईट?

कँडी ते एल्ला रेल्वे हा त्या देशातला सगळ्यात सुंदर प्रवास आहे. साडेसहा-सात तास लागतात, चहाचे मळे खिडकीला घासून जातात. गाड्यांची नावं बघा: पोडी मेनिके आणि उडरट मेनिके. पोडी म्हणजे छोटी, उडरट म्हणजे वरचा मुलुख, मेनिके म्हणजे बाईमाणूस. डोंगरातली बाई!

काही गोष्टी आधीच माहीत असू द्या.

पहिला वर्ग वातानुकूलित, त्याच्या खिडक्या उघडत नाहीत. फोटो, वारा आणि वडेवाला हवा असेल तर दुसरा किंवा तिसरा वर्ग घ्या.

आरक्षण ३० दिवस आधी उघडतं आणि कँडी-एल्ला तर मिनिटांत संपतं. विनाआरक्षण तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, त्याला मर्यादा नाही, पण जागेची हमीही नाही.

नुवारा एलियाला रेल्वे स्टेशन नाही! स्टेशन नानू ओयाला, गावापासून आठेक किलोमीटरवर.

सगळ्याच गाड्या कँडी स्टेशनात शिरतात असंही नाही, काही बाहेरून पेराडेनियावरून जातात. तिकिटावर नीट बघा.

---

एक_प्लेट_जिलेबी | ३ ऑगस्ट, सकाळी ९.३०

सुदामानगरकर, तेलाने केस आले का?

---

सुदामानगरकर | ३ ऑगस्ट, सकाळी ९.३४

बाटली पुतण्याला दिली. त्याचेही गेले.

---

निवृत्त_गार्ड | ३ ऑगस्ट, दुपारी ४.२०

रेल्वेचा विषय निघाला म्हणून लिहितो. नोकरी रतलाम मंडळात झाली, बरीच वर्षं महू-खंडवा मीटरगेजवर.

श्रीलंकेची रेल्वे आपल्याच ब्रॉडगेजची, साडेपाच फुटी. पहिली गाडी २७ डिसेंबर १८६४ ला कोलंबोहून अंबेपुस्सला गेली. डोंगरातल्या मार्गाचा चढ ४४ ला १ आहे. आपल्या पाताळपाणी-कालाकुंड घाटात तो ४० ला १, म्हणजे आपला घाट जास्त खडा. पण आपला घाट दहा किलोमीटरही नाही, त्यांचा चढतच राहतो. पट्टिपोला स्टेशन सुमारे १८९० मीटरवर आहे, तेही ब्रॉडगेजवर. गार्डाच्या नजरेतून सांगतो, ही साधी गोष्ट नाही.

मी २०१९ मध्ये गेलो तेव्हा नानू ओयाला बघितलं, स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हातात वेताचं कडं देतो, त्यात टॅब्लेट, म्हणजे पुढे जायच्या परवानगीची धातूची चकती. एकेरी मार्गावर ती टॅब्लेट हातात असल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. आम्ही महू लायनीवर हेच लोखंडी गोळ्याने करायचो. आम्ही त्याला "गोळा" म्हणायचो, रात्रीच्या पावसात चालत्या गाडीतून गोळा झेलायचा म्हणजे काय ते ज्याने झेलला त्यालाच ठाऊक. मी फलाटावर उभा राहून त्या मास्तरला सलाम ठोकला. त्याने मला आधी वेडा समजून मग चहा पाजला.

कावेरीबाई, आईंसाठी अडचण प्रवासाची नाही, चढण्याची आहे. तिथले बरेच फलाट खाली आणि डब्याच्या पायऱ्या उंच. आधी एकाने वर चढून हात द्यावा. आणि मुलाला सांगा, दारात बसायचं असेल तर पाय आत. तिथे सिग्नलचे खांब, बोगद्याच्या भिंती डब्याला अगदी लागून आहेत. परदेशी पोरं फोटोसाठी बाहेर लोंबकळतात आणि त्यातून अपघात झालेले आहेत.

---

डोंगरगाडी | ३ ऑगस्ट, सायंकाळी ६.०२

गार्डकाका, __/\__

पट्टिपोल्यानंतरचा बोगदा आठवतोय? अलीकडे धुकं आणि पाऊस, ओहियाच्या बाजूला बाहेर पडलो तर लख्ख ऊन.

---

निवृत्त_गार्ड | ३ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०

आठवतोय. मी मात्र त्या दिवशी दोन्हीकडे भिजलो.

---

खान_काठची | ४ ऑगस्ट, सकाळी १०.१०

सगळे रेल्वेचे पोवाडे गाताहेत म्हणून मुद्दाम उलट लिहितेय. आम्ही विनाआरक्षण तिसऱ्या वर्गाने कँडी ते एल्ला केलं. साडेसहा तासांतले पहिले चार तास मी एका जर्मन माणसाच्या पाठपिशवीला टेकून उभी होते. चहाचे मळे मी बघितले ते त्याच्या काखेतून. शौचालयापर्यंत जाता येत नव्हतं. ७१ वर्षांच्या बाईला हे? नको हो. फोटोतली रेल्वे रिकामी असते, कारण फोटोत गर्दी घेत कोणी नाही.

---

भियाराम | ४ ऑगस्ट, सकाळी १०.२२

काखेतून मळे 😂 ताई, जर्मन होता, निदान उंचावरून तरी दिसले.

---

एक_प्लेट_जिलेबी | ४ ऑगस्ट, दुपारी १.००

नुवारा एलियाला स्टेशन नाही, त्यावरून आठवलं. आमच्यासोबत याहून भारी झालं. कोलंबोत पेट्टाच्या बस स्टँडवर उतरलो. जायचं होतं नुवारा एलियाला. कंडक्टर जोरजोरात ओरडतोय, "नुवारा! नुवारा! नुवारा!" अपन खूश. बॅगा चढवल्या, तिकीट काढलं, मस्त झोप काढली. तीन-साडेतीन तासांनी उठलो तर समोर तळं, दंतमंदिर आणि हत्तीची चित्रं. कँडी!

मग हॉटेलवाल्याने समजावलं. कँडीला सिंहली लोक कँडी म्हणतच नाहीत, महानुवर म्हणतात, बोलताना नुसतं "नुवारा". बसच्या पाटीवरही सिंहलीत तेच. नुवारा एलियाला जायचं असेल तर शेवटचं "एलिया" कंडक्टरच्या तोंडून ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

---

बडोदेकर | ४ ऑगस्ट, रात्री ८.४५

महानुवर म्हणजे महानगर. नगरचं नुवर झालं. सिंहली आपल्याच भाषाकुळातली, थोडं कान देऊन ऐकलं की घरचीच वाटते. सरकारी लाल बसवर त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलेलं असतं ते "लंगम". त्याचा पूर्ण विस्तार ऐका: श्री लंका गमनागमन मंडलय. आपल्या एसटीलाही एवढं शुद्ध नाव नाही.

मी कामानिमित्त चारदा गेलोय आणि बसचा माणूस आहे. बसला कोणी धड बोलत नाही म्हणून चार शब्द. देशात बस जात नाही असं गाव नाही. लाल सरकारी, बाकी रंगीत खासगी. मार्गांना क्रमांक आहेत, १ नंबर कोलंबो-कँडी, २ नंबर कोलंबो-गॉल-मातारा, ९९ कोलंबो-बदुल्ला, विमानतळावरून कोलंबो फोर्टला १८७. पाट्या तीन भाषांत. तिकीट कंडक्टर बसमध्येच देतो, सुटे ठेवा. बसचे सांगाडे बहुतेक अशोक लेलँडचे, त्यामुळे बसल्या जागी हाडांना ओळख पटते. खासगी बसमध्ये गाणी अशी लावतात की उतरल्यावरही दोन तास कानात वाजतात.

दारामागची पुढची सीट रिकामी दिसली म्हणून बसू नका, ती भिक्खूंसाठी राखीव असते. भिक्खू चढले की उठावंच लागतं आणि सगळी बस तुमच्याकडे बघते.

---

खान_काठची | ४ ऑगस्ट, रात्री ९.१५

आणि खासगी बसवाले एकमेकांशी शर्यत लावतात ते? घाटात?

---

बडोदेकर | ४ ऑगस्ट, रात्री ९.३१

लावतात. म्हणून मी सरकारीत बसतो. ती शर्यत लावायच्या स्थितीत नसते.

---

लष्करवाला | ५ ऑगस्ट, दुपारी १२.०५

ग्वाल्हेरहून राम राम. टुकटुकवर कोणीच लिहिलं नाही! तिथे त्याला "थ्री-व्हील" म्हणतात, देशात नोंदलेल्या दहा लाखांहून जास्त आहेत आणि बहुतेक आपल्या बजाजच्या. कोलंबोत पिकमी आणि उबर दोन्ही चालतात, भावात डोकं घालावं लागत नाही. एल्ला, मिरिस्सासारख्या पर्यटकांच्या गावात मात्र स्टँडवाले ॲपची गाडी येऊ देत नाहीत, तिथे बसायच्या आधी भाव. आपल्या एका रुपयाचे तिकडचे साधारण साडेतीन होतात, त्यामुळे "दोन हजार" ऐकून चक्कर येऊ देऊ नका, भागाकार करा, मग चक्कर येऊ द्या.

यूपीआय तिथे २०२४ पासून चालतं, पण मोठ्या दुकानांत, हॉटेलांत. टुकटुकवाल्याला रोखच हवी.

आम्ही चार मित्रांनी तर दोन टुकटुक भाड्याने घेऊन स्वतः चालवल्या. आंतरराष्ट्रीय परवाना नेला आणि तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मान्यता घेतली. डाव्या बाजूने चालवायचं, आपल्यासारखंच. हापुतळेच्या चढावर दोघांनी उतरून ढकलली. ढकलताना मागून एक शाळकरी पोरगी चालत चालत पुढे निघून गेली, तो अपमान अजून विसरलो नाही.

---

भियाराम | ५ ऑगस्ट, दुपारी १२.२०

इंदूरच्या ई-रिक्षावाल्यांना तिकडे पाठवा. आठवड्यात त्यांचा देश थांबेल.

---

सुदामानगरकर | ५ ऑगस्ट, दुपारी १२.४१

आपला बीआरटीएस (बसची वेगळी लेन) तोडायला घेतला, आता म्हणे वाहतूक सुटसुटीत होईल. होईल, होईल.

---

निवृत्त_गार्ड | ५ ऑगस्ट, दुपारी ३.१५

अवांतर आहे, पण कोणी जहाजाचं बोललं नाही म्हणून. आमचे वडील सांगायचे, मद्रासहून बोट मेल निघायची ती धनुष्कोडीपर्यंत, तिथून बोटीने तलैमन्नार, पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. मद्रासच्या खिडकीवर सिलोनचं तिकीट मिळायचं! डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गेलं, रेल्वेचे रूळही गेले. आता २०२३ पासून नागपट्टिणमहून कांकेसन्तुरैला, म्हणजे जाफन्याच्या टोकाला, प्रवासी बोट परत सुरू झाली. चारेक तास लागतात. मध्येच बंद पडते, पावसाळी हवेत थांबते, पण आहे.

---

लष्करवाला | ५ ऑगस्ट, दुपारी ४.००

गार्डसाहेब, आणि जाफन्याहून पुढे याळ देवी रेल्वेगाडी आहेच. युद्धात उखडलेला तो मार्ग आपल्या इरकॉन कंपनीने बांधून दिला, २०१४ मध्ये गाडी पुन्हा जाफन्याला पोचली.

---

एक_प्लेट_जिलेबी | ५ ऑगस्ट, दुपारी ४.१८

पाताळपाणीची हेरिटेज गाडी कोणी केली आहे का? पावसात सीट मिळते का?

---

निवृत्त_गार्ड | ५ ऑगस्ट, दुपारी ४.५०

मिळते, आधी काढावी लागते. त्या मार्गाचा इतिहास माहीत आहे का? महाराज तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटीचं कर्ज दिलं १०१ वर्षांसाठी, साडेचार टक्क्यांनी, तेव्हा खंडवा-इंदूर मार्ग झाला. रेल्वे आणायला राजाने उलट सरकारला कर्ज दिलं! पाताळपाणीला मागून जोडायचं इंजिन

(माफ करा, अर्धंच गेलं. मागून इंजिन जोडायचं त्याबद्दल वेगळा धागा काढतो.)

---

संपादक | ५ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

गार्डकाका, धागा जरूर काढा. इथे श्रीलंकेवर परत येऊ या, बिचाऱ्या कावेरीताई वाट बघताहेत.

---

कावेरी_रामबाग | ५ ऑगस्ट, रात्री १०.१०

अहो मी रोज वाचतेय आणि नवऱ्याला वाचून दाखवतेय. "काखेतून मळे" ऐकून आई म्हणाली, मग मी देऊळ पण काखेतूनच बघू का.

एक प्रश्न राहिलाच. सीता अम्मन देऊळ रेल्वेच्या वाटेवर येतं का?

---

डोंगरगाडी | ५ ऑगस्ट, रात्री १०.३२

नाही. मला वाटलेलं कोणी विचारणारच नाही. :)

---

बडोदेकर | ५ ऑगस्ट, रात्री ११.००

सीता एलिया नुवारा एलियापासून पाचेक किलोमीटरवर, बदुल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे थोड्या अंतरावर हकगल वनस्पती उद्यान. रेल्वे नानू ओयाहून दुसरीकडूनच जाते.

म्हणजे तुमच्या घरातले दोन पक्ष एकाच दिवशी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला आहेत. पण भांडण मिटवता येतं. कँडी ते नुवारा एलिया गाडीनेच या. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आधी गाडीने देवळात जा, आईंचं दर्शन होऊ द्या. मग परत नानू ओयाला येऊन तिथून एल्लापर्यंतच रेल्वे धरा. अडीच-तीन तासांचा तुकडा, पट्टिपोला, ओहिया, हापुतळे, बंडारवेला सगळं त्यातच येतं. ड्रायव्हर बॅगा घेऊन रस्त्याने जातो आणि एल्ला स्टेशनबाहेर उभा राहतो. तिथले ड्रायव्हर हे नेहमी करतात, सांगायचीही गरज पडत नाही.

---

खान_काठची | ५ ऑगस्ट, रात्री ११.२०

हे जमेल. तीन तास मीही उभी राहिले असते. आणि आईंना नसेलच जायचं तर त्या ड्रायव्हरसोबत गाडीतून येऊ शकतात, हा मोठा फायदा.

---

सुदामानगरकर | ६ ऑगस्ट, सकाळी ८.००

बडोदेकरांना +१. शेवटचा दिवसही लक्षात घ्या. गॉलहून विमानतळ एक्स्प्रेसवेने गाठा, कोट्टावाहून बाहेरच्या वर्तुळरस्त्याने कोलंबो शहरात न शिरता जाता येतं. तिथे रोमान्स नको, विमान आहे.

---

डोंगरगाडी | ६ ऑगस्ट, सकाळी ८.४०

मान्य. पण गॉलला दोन रात्री आहेत ना? एका सकाळी किनाऱ्याची रेल्वे थोडी तरी करा. कोलंबोकडे जाताना डाव्या हाताला समुद्र, लाट रुळांपर्यंत येईल असं वाटतं. २००४ मध्ये पेरलियाला खरंच आली होती. त्सुनामीत उभी गाडी वाहून गेली, हजाराहून जास्त माणसं गेली. हिक्कडुवाजवळ स्मारक आहे. मी तिथे उतरलो होतो. परत गाडीत बसलो तेव्हा खिडकीची सीट सोडून आत बसलो.

---

कावेरी_रामबाग | २८ सप्टेंबर, सकाळी ११.३०

अपडेट. आज तीस दिवस आधीचं आरक्षण उघडलं. मुलगा एका लॅपटॉपवर, नवरा दुसऱ्यावर, मी फोनवर. नानू ओया ते एल्ला, २८ ऑक्टोबर. जागा दिसल्या, नावं भरली, पासपोर्ट नंबर भरले, पैसे भरायला गेलो तर जागा संपल्या. मुलगा जेवला नाहीये.

---

भियाराम | २८ सप्टेंबर, सकाळी ११.४१

छप्पन दुकानला खायला न्या. जेवेल.

---

निवृत्त_गार्ड | २८ सप्टेंबर, दुपारी १.१०

निराश होऊ नका. नानू ओयाला बरेच पर्यटक उतरतात, त्यामुळे तिथून चढणाऱ्याला जागा मिळायची शक्यता कँडीपेक्षा बरी. विनाआरक्षण दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढा, गाडीच्या तासभर आधी पोचा आणि फलाटावर हमालाला किंवा मास्तरला विचारा, विनाआरक्षण डबे कुठे लागतात. तिथेच उभे राहा. आरक्षित डब्यासमोर उभं राहून शेवटी पळत सुटणं हीच सगळ्यांची चूक.

---

खान_काठची | २८ सप्टेंबर, दुपारी २.००

+१. आम्ही पळालो होतो.

---

कावेरी_रामबाग | ९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

आलो! उशीर झाला, पण सविस्तर लिहिते.

गाडी आठही दिवस होती. पहिल्याच दिवशी सुदामानगरकरांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, दुकानं नकोत, बक्षिशी देऊ. ड्रायव्हरदादा हसले आणि एकाही बागेत वळले नाहीत. उलट आईने तिसऱ्या दिवशी स्वतः होऊन दालचिनीचं दुकान दाखवायला सांगितलं.

सिगिरियाला हजारावर पायऱ्या आहेत, आई खाली थांबली आणि टुकटुकने गावात फिरून आली. भाव तिनेच केला, मराठीत. "अठराशे नाही, हजार" हे तिने बोटांवर दाखवलं. तो "हरि हरि" म्हणाला. आईला वाटलं देवाचं नाव घेतोय, तिनेही हात जोडून "हरि हरि" म्हटलं. संध्याकाळी ड्रायव्हरदादांनी सांगितलं, हरि म्हणजे ठीक आहे, बरोबर. त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला हरि हरि.

२८ तारीख. सकाळी देवळात गेलो. देऊळ छोटं, रंगीत, मागून ओढा वाहतो, खडकावर खळगे आहेत ती हनुमानाची पावलं म्हणतात. आई अर्धा तास नुसती बसली होती. मग नानू ओया. गार्डकाकांनी सांगितलं तसं तासभर आधी पोचलो, मास्तरांना डबे विचारले. गाडी पाऊण तास उशिरा आली. आईला आम्ही म्हटलं, तू गाडीतून ये. ती म्हणाली, तासभर फलाटावर बसवलंत ते कशाला? नवरा आधी चढला, वरून हात दिला, खालून मुलगा, आणि एका सिंहली बाईंनी न सांगता तिची पिशवी घेतली. दुसऱ्या वर्गात बरीच माणसं खरंच उतरली होती. आईला लगेच खिडकी मिळाली, आम्हाला ओहियानंतर.

वडेवाला आला. इथे शाकाहारी मंडळींनी लक्ष द्या: वरती कोलंबी चिकटवलेले असतात ते इस्सो वडे, डाळीचे असतात ते परिप्पू वडे. शाळेच्या वहीच्या कागदाच्या पुडीत देतात, आमच्या पुडीवर कुणाची तरी गणितं होती, दोन चुकलेली. आईने पर्समधून जिरावण मसाल्याची डबी काढली आणि वड्यांवर भुरभुरवली. शेजारच्या त्या बाईंनाही दिलं. त्यांनी चाखून आणखी मागितलं.

बोगद्याचं खरं आहे. अलीकडे काही दिसत नव्हतं, पलीकडे सगळं दिसलं. मुलगा दारात बसला, पाय आत, मी त्याच्या शर्टाची कॉलर धरून. रील त्याने काढलं नाही, विसरला म्हणाला.

एल्लाला उतरलो तर ड्रायव्हरदादा बाहेर उभे, बॅगा गाडीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टुकटुकने नऊ कमानींच्या पुलाकडे गेलो. १९२१ चा, लोखंडाशिवाय दगड-विटांचा. वरच्या वाटेवरून पूल दिसतो, आईला खाली उतरावं लागलं नाही. आणि खर्चाचा पक्ष हरला, हे कबूल करते. रेल्वेची चार तिकिटं पोहे-जिलेबीच्या भावात झाली, पण गाडीचे आठ दिवस सुटले नाहीत.

किनाऱ्याची रेल्वे राहिली. गॉलला दोन्ही दिवस पाऊस होता.

---

खान_काठची | ९ नोव्हेंबर, रात्री ९.२६

आईंना खिडकी मिळाली? आणि मी जर्मनाच्या मागे. ठीक आहे. हरि हरि.

---

निवृत्त_गार्ड | ९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

पाऊण तास उशीर म्हणजे वेळेवर. नानू ओयाला टॅब्लेट देताना बघितली का?

---

कावेरी_रामबाग | ९ नोव्हेंबर, रात्री ९.५८

बघितली काका. मुलाने मास्तरांना सलाम केला, तुमच्या नावाने.

---

एक_प्लेट_जिलेबी | १० नोव्हेंबर, सकाळी ८.१०

ताई, जानेवारीत आम्हीही निघतोय. ड्रायव्हरदादांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना. आणि जिरावण किती नेलं होतं?

---

कावेरी_रामबाग | १० नोव्हेंबर, सकाळी ८.४५

व्यनि केला. जिरावण शंभर ग्रॅम, कमी पडलं.